दोन स्प्रिंगची सायकल

सोयाबीन सोंगायला आलं की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या धुळीनं फिरतं. थ्रेशर सुरू झाला की निम्म्या आसेगावला शिंका लागतात, अंगाला खाज सुटते, तसंच तुझंही असेल. मीही हो म्हणते. धूळ असते हे खरंच आहे. शेंगा वाळून करड्या झालेल्या, दुपारचं ऊन असं की डोक्यावरचा पदर तापावा, आणि दिवस कलला की एकदम गार वारा. त्या वाऱ्यावर कुटाराचा वास येतो, थोडा गोडसर, थोडा जळका. तो नाकात गेला की मला शेत दिसत नाही, अकोल्यातलं सायकलीचं दुकान दिसायला लागतं. आता सोयाबीनचा आणि सायकलीचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर सांगायला बसावं लागेल. म्हणून बसले आहे.

मी अंगणवाडीत काम करते. पोरांना काट्यावर ठेवायचं, वजन वहीत लिहायचं, तक्त्यावर ठिपका द्यायचा, हे मी इतकी वर्षं केलं आहे की रस्त्यानं जाणारं लेकरू नुसतं कडेवर घेतलं तरी किती भरेल ते सांगते. पाव किलोच्या पुढं चूक नाही. वजन वाढलं की मी खूश, कमी झालं की त्याच्या आईची खैर नाही. आणि हे फक्त पोरांचंच नाही. गावात कोणाला काही घ्यायचं असलं की म्हणतात, शोभाबाईले घेऊन जाय. पाणी भरायचा गुंड घ्यायचा आहे, कढई घ्यायची आहे, लग्नाची भांडी घ्यायची आहेत, शोभाबाई पाहिजे. मी भांडं एका हातात उचलते, जरा खालीवर करते, टिचकी मारते आणि दुकानदाराच्या तोंडाकडे पाहते. तो गप्प झाला की समजायचं, माल चांगला आहे. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून कट्ट वाजला की नाही, एवढ्यावर मी पोतं भरायचं की अजून वाळवायचं ते सांगते. म्हणजे बाई ताठ्यात होती. तेवढं आधी कबूल करून टाकते.

दीपाली माझी एकुलती एक. तेव्हा ती बारावीत होती, मंगरूळपीरला कॉलेजात जायची. पाय लांब, खांदे रुंद, बापावर गेलेली. तिच्या कॉलेजातल्या खेळाच्या सरांकडे डोंगरात चालवायची सायकल होती, जाड टायरांची. ती सायकल घेऊन ही पोरगी गावाबाहेरच्या बरडावर चढायची. बरड म्हणजे नुसता मुरूम आणि दगड. तिथं शेळ्या सोडून कोणी जात नाही. सर खाली घड्याळ घेऊन उभे राहायचे. एक दिवस ते घरी आले, खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले, "ताई, पोरगी चढावर कोणाले ऐकत नाही. दिवाळीनंतर अमरावतीकडं डोंगरात निवड चाचणी हाये. पहिल्या चौघी घेतात. निवड झाली तर सरकारी शिबिर, राहणं-खाणं, शिकवणं, सगळं तिथंच. पण तिच्या वयाच्या गटात हे शेवटचं वर्ष हाये. पुढच्या साली बसता येणार नाही."

मी विचारलं, "मंग अडलं कुठं?"

"सायकल. माही तिले मोठी पडते. सीट पुढं घेतली तरी हँडलले हात पुरत नाहीत. तिच्या मापाची घ्या."

घ्या म्हणजे काय, घेतलीच. सोंगणी अर्ध्यात टाकून, मजुरांना ह्यांच्या भरवशावर सोडून मी पोरीला घेऊन अकोल्याला निघाले. ह्यांना म्हटलं, तुम्ही शेत पाहा, हे काम तुमचं नाही. हे कधी माझ्यापुढं बोलले नाहीत. तेव्हाही नाही बोलले.

त्या बसच्या प्रवासात दीपाली जेवढी बोलली तेवढी ती त्याच्या आधी कधी बोलली नव्हती, आणि नंतरही नाही. खिडकीतून धूळ येत होती, पुढच्या सीटवर कोणाची तरी कोंबडी पिशवीत ओरडत होती, आणि ही आपली हातानं हवेत सायकल काढून मला दाखवत होती. फ्रेम तीन प्रकारची असते, लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमची आणि कार्बनची. कार्बनचं आपल्याला नाव काढायचं नाही. लोखंडी मजबूत पण जड. आपल्याला अ‍ॅल्युमिनियमची पाहिजे. स्प्रिंगचं म्हणशील तर काही सायकलींना नसतेच, काहींना फक्त समोर असते, काहींना समोर आणि सीटखाली, दोन्हीकडं. "मले फक्त समोर पाह्यजे आई. आणि तिले वरतून खटका पाह्यजे. चढ आला की खटका दाबाचा, स्प्रिंग बंद. नाही तं पायातली ताकद स्प्रिंग खाऊन टाकते." मी हं हं म्हणत होते. खरं सांगायचं तर मी बाहेर पाहत होते, कोणाचं सोयाबीन उभं आहे आणि कोणाची गंजी लागली आहे ते. पोरगी बोलते आहे याचंच मला कौतुक वाटत होतं. काय बोलते आहे ते कानावरून जात होतं.

आज तो प्रवास मी कितीदा तरी करते. चूल पेटवताना करते, पोषण आहाराच्या खिचडीत पळी फिरवताना करते. आणि दरवेळी तिला म्हणते, थांब वं बाई, पुन्हा एकदा सांग. ती सांगत नाही.

दुकान चांगलं मोठं, काचेचं. ओळीनं सायकली लावलेल्या. दुकानदार तरणाताठा, नम्र. त्यानं दीपालीच्या उंचीकडे पाहून दोन सायकली बाहेर काढल्या. एक राखाडी, अ‍ॅल्युमिनियमची, समोर एक स्प्रिंग. दुसरी लाल, लोखंडी, जाड नळ्यांची, समोर स्प्रिंग आणि सीटखाली ही अशी मनगटाएवढी पिवळी स्प्रिंग. किमती जवळपास सारख्याच. म्हणजे पैशावर ढकलायची सोयही देवानं मला ठेवली नाही.

मी राखाडी उचलली. एका हातात उचलली गेली. माझ्या तोंडून निघालं, "अरे बाप्पा! हे काय, जर्मनची हाये काय?"

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं म्हणजे पाहुण्यांसमोर न काढायचं पातेलं. हातातून पडलं की पोचा येतो, घासून घासून पातळ होतं, आणि लेकीला आंदणात कोणी जर्मन देत नाही. दिलं तर सासरची बायामंडळी ते उचलून एकमेकींना दाखवतात. माझ्या आईनं मला पितळेचा गुंड दिला होता, भरला तर दोघींनी उचलावा असा, आणि मी माझ्या एकुलत्या एक पोरीला जर्मनची सायकल देऊ? डोंगरातल्या दगडांवर आपटायला? मी लाल सायकलीकडे वळले. ती उचलायला दोन हात लागले. नळीवर टिचकी मारली, आवाज भरीव आला. मग सीटवर दोन्ही हात ठेवून दाबलं. सीट खाली गेली आणि माझ्या हातांना घेऊन वर आली. खोटं कशाला बोलू, मला हसूच आलं. आयुष्यभर जीपच्या मागच्या बाकावर बसून माझी कंबर मोडली आहे. ह्या पोरीची हाडं तरी शाबूत राहतील, एवढंच माझ्या मनात आलं.

"आई, ते चढावर हालते," दीपाली म्हणाली.

"हालते म्हणूनच तं धक्का लागत नाही."

"तसं नाही आई. सर म्हणत होते..."

"थांब वं. मले पाहू दे."

ती थांबली. मी दुकानदाराकडे पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं. तो एवढंच म्हणाला, "काकू, दोन्ही चालतात. जशी तुमची पसंती." माझ्या अनुभवात दुकानदार गप्प झाला म्हणजे माल चांगला. तो बिचारा गिऱ्हाइकापुढे गप्प झाला होता, हे समजायला मला दोन महिने लागले. दीपालीनं राखाडी सायकलीच्या दांड्यावरून एकदा हात फिरवला, खटका दाबला, सोडला. मग पावती फाडेपर्यंत ती दारात उभी राहून रस्त्यावरची रहदारी पाहत होती.

ती सायकल जीपच्या टपावर चढवायला दोन माणसं लागली. मी खाली उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "सांभाळून बापू, जड हाये!" काय तो तोरा माझा! गावात आल्यावर बाया आल्या, माणसं आली. प्रत्येकानं सीट दाबून पाहिली. शेजारची गोदामावशी तर वर बसली, लुगडं सावरत दोनदा उसळली आणि म्हणाली, "पलंगच हाये वं शोभा, पलंग!" दसऱ्याला सायकलीला झेंडूचा हार घातला, नळीवर कुंकवाची बोटं उमटवली. दीपाली सगळ्यांत उभी होती, हसत होती. माझ्याकडे त्या दिवसाचा फोटो आहे. मी तो मोठा करून करून तिच्या तोंडाजवळ नेते. हसू नुसतं ओठांवर आहे, पण हे दिसायलाही मला मोबाइल लागला.

सरांनी सायकल पाहिली, तेव्हा मी अंगणात सोयाबीन पसरत होते. ते वाकले, मागची स्प्रिंग दाबली, एकदा दीपालीकडे पाहिलं. तिनं नाही अशी मान हलवली, अगदी थोडी. काय बोलणं झालं असेल त्या मान हलवण्यात, ते मी आता समजते. सर म्हणाले, "ठीक हाये. जितकी कडक होईल तितकी करू." आणि पाना काढून बसले. त्यानंतर महिनाभर ती बरडावर चढायची आणि धापा टाकत घरी यायची. आधी नव्हती टाकत. मी काय केलं असेल? मी तिला वजनकाट्यावर उभं केलं. अर्धा किलो उतरलं होतं. मग काय, शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी, तुपाची धार. "खात नाही म्हणून दमतेस," मी तिला दम भरला. ती मुकाट खायची. माझं लेकरू माझ्यापुढं बसून लाडू खायचं आणि उठून पुन्हा त्या धुडाला घेऊन चढावर जायचं.

अमरावतीकडचा तो डोंगर मी पुन्हा पाहिला नाही. सागाची पानं गळायला लागली होती, वाट लाल मुरमाची, वळणावळणाची. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या. एक बाई भोंग्यावरून सांगत होती, पालकांनी दोरीच्या आत यायचं नाही, सायकलीला हात लावला तर मुलगी बाद. मी सगळ्यांत उभ्या चढापाशी जागा धरली. आपली पोरगी इथंच पुढं जाणार, हे मला पाठ होतं.

आधी चार पोरी गेल्या. बारक्या-बारक्या, त्यांच्या सायकली त्यांच्याखाली उड्या मारत चालल्या होत्या. मग दीपाली आली. ती पायडलवर उभी राहिली, सगळं अंग पायावर टाकलं, आणि मी पाहिलं. तिनं पाय दाबला की ती पिवळी स्प्रिंग खाली बसायची. पाय उचलला की वर यायची. दाबला, खाली. उचलला, वर. सायकल जागच्या जागी उठत-बसत होती आणि पुढं जात होती ती वीतभर. दुकानात माझ्या हातांना जी मजा वाटली होती ती हीच. मला काही कोणी समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या, मानेच्या शिरा वर आल्या होत्या, आणि त्या सगळ्या ताकदीला माझी स्प्रिंग गिळत होती.

पुढं दगडांचा पट्टा होता. तिथं सगळ्या पोरी उतरायच्या, सायकल खांद्यावर टाकायच्या आणि पळायच्या. दीपाली उतरली. तिनं सायकल उचलली, खांद्यापर्यंत नेली, ती घसरली. पुन्हा उचलली. मी दोरीला पोट लावून उभी होते. माझ्यापासून चार हातांवर. मी पाण्याचा हंडा डोक्यावर आणि लेकरू कडेवर घेऊन शेतातून आलेली बाई आहे, ते धूड मी तिच्याआधी वर नेऊन ठेवलं असतं. हात लावला तर बाद. "दीपे!" एवढंच मी ओरडले. त्याच्यापुढं काय ओरडायचं ते मला सुचलं नाही. सायकल टाक म्हणू? पळ म्हणू? तिनं वर पाहिलं नाही. सायकल अर्धी ओढत, अर्धी उचलत ती दगडांतून गेली, आणि तेवढ्या वेळात मागून दोन पोरी तिच्या बाजूनं निघून गेल्या.

सातवी आली.

शेवटच्या रेषेपाशी ती भोंग्यावाली बाई दीपालीजवळ गेली. तिनं एका हातानं सायकल उचलून पाहिली, उचलली गेली नाही, मग दोन हातांनी उचलली. सीट दाबली. म्हणाली, "अगं, पाय किती चांगले आहेत तुझे! आणि ही असली सायकल तुला घेऊन कोणी दिली?"

मी तिथंच होते. हातात पाण्याची बाटली होती, झाकण उघडलेली.

दीपाली म्हणाली, "मीच पसंत केली मॅडम."

साऱ्या तालुक्यात जिच्या तोंडाला कोणी लागत नाही ती मी, माझं तोंड उघडलं नाही. एक शब्द पुरेसा होता. मी. तेवढा मला म्हणता आला नाही. मी बाटली पुढं केली आणि ती प्यायली.

परतीच्या जीपमध्ये ती चिवडा खात होती. डोंगरात मोर दिसला म्हणून सांगत होती, कोणत्या तरी पोरीच्या चपलेची गंमत सांगत होती. मी वाट पाहत होते, आता बोलेल, मग बोलेल. घरी गेल्यावर आदळआपट करेल, जेवणार नाही, बापाजवळ रडेल. तसं काहीच झालं नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाली, "जाऊ दे ना आई. सोयाबीन भरलं का?" मला वाटतं, तिनं तेव्हा भांडायला पाहिजे होतं. मला वाट्टेल ते बोलायला पाहिजे होतं. मी ऐकून घेतलं असतं की नाही कोणास ठाऊक, पण तिनं बोलायला पाहिजे होतं.

त्याला आता तिसरं सोयाबीन आलं. लाल सायकल हे शेतात नेतात, मागं चाऱ्याचा भारा बांधून. सपाट रस्त्याला ती चांगली आहे, ह्यांची कंबर सुखात आहे. सर बदलून रिसोडकडे गेले. दीपाली अकोल्याला नर्सिंग करते. तेही मीच सुचवलं होतं. "तुले काय करायचं हाये?" असं मी चांगलं तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, "तू म्हणशील ते." कपड्याच्या दुकानात दहा ड्रेस काढून ठेवले तरी ती माझ्याकडे पाहते. हॉटेलात काय खायचं विचारलं तर म्हणते, तुले जे पाह्यजे तेच मले. गावातल्या बाया म्हणतात, "शोभाबाई, पोरगी कशी गुणाची निघाली! मायच्या शब्दाबाहेर नाही." काय सांगू त्यांना? मी पोरांचं वजन करून आईला सांगते, तुझं लेकरू खंगून राह्यलं. हे खंगणं कोणत्या काट्यावर दिसतं?

यंदा तिला हॉस्पिटलात ड्यूटी लागली. होस्टेलपासून लांब आहे, ऑटोची वाट पाहावी लागते. मीच म्हटलं, सायकल घेऊ. ती "बरं" म्हणाली. ह्या आठवड्यात थ्रेशर आमच्या शेतात येणार होता, तरी मी गेले. ह्या खेपेला तोंड उघडायचं नाही, अशी शपथच खाल्ली होती. दुकानही दुसरंच निवडलं. पायरीपाशीच मी तिला म्हटलं, "मी आत येत नाही. तू पाह्य, तू चालव, तू ठरव. मले काही विचारू नको."

"असं काहून करतेस आई?"

"जाय म्हटलं ना."

ती गेली. मी काचेबाहेर, चपलेच्या दुकानाच्या सावलीत उभी राहिले. दुकानदारानं तिच्यापुढं दोन सायकली उभ्या केल्या. एकीला समोर स्प्रिंग, एकीला मुळीच नाही. मी मनात म्हणत होते, उचल, उचलून पाह्य, दाबून पाह्य, त्याच्याशी भांड. जिला बसमध्ये हवेत फ्रेम काढून दाखवता येत होती ती माझी पोरगी दोन्ही हात पाठीमागं धरून उभी होती. दुकानदार बोलत होता, ती मान हलवत होती. तिनं एकाही सायकलीला हात लावला नाही. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला, परत आला, तरी ती तशीच.

मग ती बाहेर आली. घाम पुसत होती.

"आई, दोन्ही चांगल्या हायेत. तू एक सांग, ती घेऊ."

"तुले कोणती पाह्यजे?"

"कोणतीबी. तू सांग ना."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. कुठं राग असेल, कुठं हट्ट असेल, एखादी नजर आत दुकानाकडे वळेल, म्हणून पाहत राहिले. ती माझ्याकडे बघून हसली, समजूतदारपणे. तिला कोणती हवी होती ते मला ओळखता आलं नाही.